केसिंग नंबर चौदा

ड्रॉइंगवर यानाचं नाव नाही.
उजव्या कोपऱ्यात नुसता एक नंबर, खाली सही,
आणि टीप: भिंत सहा मिलिमीटर,
कमी चालणार नाही, जास्तही.
भूपालअण्णांनी ते टेबलावर पसरलं,
चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले
आणि म्हणाले, ह्या पंपानं एका सेकंदात
आपल्या गल्लीची टाकी रिकामी होईल.
इलाहीचाचा म्हणाले, मग गल्ली काय पिणार?

पाणी नव्हे, चाचा. ऑक्सिजन,
उणे एकशे त्र्याऐंशीचा.
आणि त्याच्या पल्याड, हातभर अंतरावर, आग.

चाचांनी वाळू मुठीत दाबली,
मूठ उघडून बोटांचे ठसे पाहिले.
"थंडीचं काम हाय तर." एवढंच.

शिरोलीत रात्री ओततात, वीज स्वस्त पडते म्हणून.
सकाळी मी फिल्म वाचते.
माझी खोली काळी, काचेमागे एक दिवा,
त्यावर पोलादाची छाती राखाडी दिसते,
दवाखान्यात दिसते तशी.

पहिल्याला गळ्याशी भेग.
दुसऱ्यात वाळू.
तिसरं निवतानाच वाकलं, फिल्म काढलीच नाही.
चौथं, पाचवं, सहावं आता आठवत नाही,
वहीत आहे.
नवव्याच्या वेळी पंचगंगा हायवेवर आली.
भट्टी चार दिवस गार,
बाहेर पाणी, आत आम्ही सात जण आणि अर्धं पोतं पोहे.
अण्णा छपरावर रेंज शोधत
फोनवर ओरडत होते:
होय साहेब, चंद्राला जरा उशीर होईल.

तेराव्यात एक बुडबुडा होता.
मोहरीएवढा. नाही, राजगिऱ्याएवढा.
उसाच्या रानात हा पंप वीस वर्षं चालला असता.
अण्णा म्हणाले, शालन, फिल्मवरचा डाग असेल, बघ परत.
मी परत काढली.
तो तिथंच.
चाचा आले, चष्मा कपाळावर, नाक काचेला लावून
बराच वेळ बघत राहिले.
"ह्यो माझा श्वास हाय," म्हणाले.
"कोअर बसवताना खोकलो होतो."
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.
मी नापास लिहिलं.
लिहिताना हात थरथरला नाही
हे मला नंतर आवडलं नाही.

चौदावं इतकं स्वच्छ आलं
की मी आधी मशीनच तपासलं.

पेंढा घालून लाकडी खोक्यात बसवलं.
ड्रायव्हरनं दोर आवळत विचारलं, काय हाय आत?
पंप.
कुठं बसवायचा?
अण्णांनी हनुवटीनं वर दाखवलं.
त्याला वाटलं, टाकीवर.

चार महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं.
इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर एकशे बारा सेकंद जळलं,
मग दुसराच कुणाचा तरी व्हॉल्व्ह फाटला.
आमचं केसिंग शाबूत.
अण्णांनी पत्र तीनदा वाचलं, मग हिशेब मांडला:
एका यानाला सत्तावीस इंजिनं,
म्हणजे सत्तावीस केसिंग,
आणि चंद्रावर माणसं जायची तर
एक यान पुरतंय होय?
एवढं बोलून ते चहाला गेले.

त्या तेरा नापासांचे तुकडे
कधीच कापून वितळवले.
ते आता साखर कारखान्याच्या पंपांत आहेत.
गळीत सुरू झालंय, रात्रभर रस ढकलतायत,
हातकणंगल्याच्या वाटेवर वास येतो.
राजगिऱ्याएवढी ती पोकळी
वितळताना कुठं गेली
हे कुठल्याच फिल्मवर नाही.

शेडमध्ये चाचा वाकलेत.
पंधराव्याचा कोअर बसवतायत.
तोंडाला रुमाल.